रात्रपाळी इलेव्हन, दुसरी डिव्हिजन

रजिस्टरचं पहिलं पान उंदरानं नेलं,
म्हणून क्लब कोणी काढला यावर अजून भांडण आहे.
हेडाऊंचे नातू म्हणतात, आमच्या आज्यानं.
अन्सारींकडचे म्हणतात, मग चेंडू कोणाचा होता?
दुसऱ्या पानावर एवढंच:
ब्लॅडर फुटले. शिलाई सहा आणे.
खाली एक सही, सहीशेजारी एक अंगठा.

गिरणीची पाळी सकाळी सातला सुटायची.
रात्रभर साच्यापुढे उभे राहिलेले अकरा जण
घरी न जाता मैदानावर यायचे,
केसांत कापूस तसाच.
समोरची टीम हसायची: म्हातारे आले बे!
पहिल्या हाफमध्ये म्हातारे पळायचे,
दुसऱ्यात झोपायचे. खरंच.
लेफ्ट बॅक झिबल गजभिये एकदा उभ्या उभ्या झोपला
अन् चेंडू त्याच्या पाठीला लागून बाहेर गेला.
नोंद आहे: "उत्तम बचाव."

छप्पन साली शहराची राजधानी गेली.
त्याच हंगामात आम्ही पहिल्या डिव्हिजनमधून खाली आलो.
वर होतो एकच वर्ष,
तेही कामठीहून येणाऱ्या टीमची मोटार
वाटेत बंद पडली म्हणून.
शहराची समजूत काढली, हिवाळी अधिवेशन दिलं.
आमची कोणी काढली नाही.
उलट दर डिसेंबरात आमच्या मैदानावर
बंदोबस्ताच्या पोलिसांचे तंबू,
पेनल्टी बॉक्समध्ये त्यांची चूल,
गोलपोस्टवर बनियनं वाळत घातलेली.
मोर्चे येतात, निवेदन देतात, जातात.
आम्ही जानेवारीची वाट पाहतो.

जाळीबद्दल लिहायलाच हवं.
बाजारातली परवडेना, तेव्हा
कवडू सोरते आणि मोईन अन्सारी यांनी
रद्दीच्या सुतातून ती हातानं विणली,
सोळा रात्री, जेवणाच्या सुट्टीत.
जॉबरनं पाहिलं, आणि तंबाखू मळत दुसरीकडे गेला.
गाठ अशी मारलेली
की चेंडू आत गेला तरी आवाज नाही,
नुसता कोणी श्वास सोडल्यासारखा.
वाईट एवढंच,
त्या जाळीत जास्त गोल दुसऱ्यांनीच केले.

गिरणी बंद झाली त्या साली
रजिस्टरात सात पानं कोरी.
फाडलेली नाहीत, मोजली मी.
मग एकदम, वेगळ्या शाईत:
"आज सराव झाला. हजर चार.
दोन-दोन करून खेळलो. बरे वाटले."
सही स्टॅनली डिक्रूझ. रेल्वेतला,
सगळ्यांत एकटा पगारवाला.
पुढची नऊ वर्षं एन्ट्री फी त्यानंच भरली.
गेल्यावर हिशोब शोधला आम्ही.
सापडला नाही.
लिहिलाच नव्हता.

आता सेक्रेटरी मी.
खेळाडू बरा नव्हतो, अक्षर बरं होतं.
पोरं मिळत नाहीत, म्हणतात सगळे.
मिळतात की. फक्त सकाळी सातला मिळतात:
मेडिकलचा वॉर्डबॉय,
मिहानच्या गेटवरचा गार्ड,
रात्रभर पार्सलं पोचवणारे दोघं सख्खे भाऊ,
आणि एक एटीएमच्या खुर्चीवरून थेट येतो,
शिट्टी गळ्यातच विसरून.
रेफ्री त्याच्यावर चिडून असतो.
मधे मीच विचारलं, नाव बदलायचं का?
गिरणी नाही, भोंगा नाही, रात्रपाळी कसली?
सेंटर हाफ जांभई देत म्हणाला,
"राहू द्या ना भाऊ. मी आत्ता तिथूनच तर येऊन राहिलो."

काल हरलो. शून्य-तीन.
दुसऱ्या हाफमध्ये अर्धी टीम चालत होती.
तिसरा गोल तर जाळीतून आरपार गेला,
उजव्या कोपऱ्यात हातभर भोक आहे,
पंचांनी आत-बाहेर जाऊन दोनदा पाहिलं.
ती गाठ आता कोणाला येत नाही.
कामठीत मोईनची सून आहे म्हणे,
तिच्या बोटांना ठाऊक.
रविवारी जाऊन येतो.
सोबत जाळी नेतो,
आणि सूत कुठलं आणायचं, ते विचारतो.